घरात कुणाला हेवी डोसची अँटिबायोटिक चालू असतील तर काय बघायचं, काय विचारायचं

आमच्या अण्णांच्या डाव्या पायाला सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचं इन्फेक्शन, झालं. गुडघ्याखाली पाय लालभडक, हात लावला तर चटका बसावा इतका गरम, थंडी वाजून ताप, त्यात शुगर जुनी. अॅडमिट केल्यावर दुसऱ्या दिवशी आईने मेडिकलचं बिल वाचलं, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. तिने तोंडी हिशोब केला, १८ ग्रॅम, आणि लगेच मला फोन. "अरे साधी तापाची गोळी ५०० मिलीग्रॅमची असते, म्हणजे ह्या छत्तीस गोळ्या झाल्या की रे दिवसाला, माणूस राहील का ह्याने?"

हिशोब बरोबर होता, पण दोन वेगळ्या औषधांचे आकडे असे एकमेकांना लावायचे नसतात हे मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. पुढचे तीन आठवडे दवाखाना, मेडिकल आणि घर असं फिरताना जे जे शिकलो ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही. हे वाचून कुणी औषध कमी-जास्त करू नका, फक्त डॉक्टरांशी बोलताना हातात काय असावं ते घ्या.

तर आधी आकडा. अझिथ्रोमायसिन ५०० दिवसातून एकदा, तीन दिवस, तेवढ्यात बऱ्याचदा काम संपतं, आणि पिपटॅझ ग्रॅमच्या ग्रॅम द्यावं लागतं, म्हणून ते अझिथ्रोच्या कितीतरी पट जहाल आहे असं अजिबात नाही. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. पेनिसिलिन तर युनिटमध्ये मोजतात, आपल्या पिंपरीच्या एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) कंपनीत १९५५ पासून बनायला लागलं ते. लहानपणी सांधे धरून ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेल्यांना दर तीन आठवड्यांनी १२ लाख युनिटचं इंजेक्शन देतात ना, ते ऐकायला १२ लाख, वजनात एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, साधारण ९०० मिलीग्रॅम.

अजून एक गंमत म्हणजे ६२५ ची गोळी. लोकांना वाटतं ५०० च्या वरची पॉवर. खरं तर त्यात अमॉक्सिसिलिन ५०० च आहे, वरचे १२५ क्लॅव्हुलॅनिक अॅसिडचे. आणि ३७५ च्या गोळीत २५० अधिक तेच १२५. म्हणजे मेडिकलवाल्याकडे ६२५ नाही म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या तर क्लॅव्हुलॅनिक दुप्पट पोटात जातं, आणि ह्या गोळीने जे जुलाब होतात त्यात त्याचाच हात मोठा असतो. तेव्हा "दोन छोट्या घ्या, एकच आहे" असं कुणी म्हणालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि ही गोळी जेवायला बसताना पहिल्या घासाबरोबर घ्या, पोटाला सोसते.

मग डोस मोठा कशाला देतात? बऱ्याचदा कारण जागा हे असतं. मेंदूच्या आवरणात, हाडात, हृदयाच्या झडपेवर औषध सहज पोचत नाही, म्हणून तिथे डोस वाढवतात किंवा दिवस वाढवतात. सेफ्ट्रायॅक्सोन एरवी दिवसाला १-२ ग्रॅम, मेंदूज्वरात २ ग्रॅम दर १२ तासांनी. हाडाच्या इन्फेक्शनला सहा आठवडे हा नेहमीचा हिशोब. दुसरं कारण जंतू. कल्चरचा, म्हणजे पेशंटचे जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट आला की त्यात प्रत्येक औषधापुढे एस, आय, आर अशी अक्षरं असतात, एस म्हणजे चालेल आणि आर म्हणजे चालणार नाही एवढं सगळ्यांना कळतं, मधल्या आयचा अर्थ मात्र लोक "अर्धवट चालतं" असा लावतात. युरोपच्या नियमाने २०१९ पासून त्याचा अर्थ आहे की औषध चालेल, पण जास्त डोसवर. म्हणजे कधीकधी हेवी डोस हा थेट त्या रिपोर्टमधूनच आलेला असतो, डॉक्टरांच्या मनात आलं म्हणून नाही. (कल्चरचं सॅम्पल शक्यतो पहिल्या डोसच्या आधी घ्यावं लागतं आणि रिपोर्टला दोन-तीन दिवस जातात, म्हणून सुरुवातीचं औषध अंदाजाने असतं आणि तिसऱ्या दिवशी बदललं तर "पहिलं चुकलं होतं का" असं भांडायला जाऊ नका.)

आणि तास. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, सेफ ने सुरू होणारी सगळी, मेरोपेनेम वगैरे, ही रक्तात किती वेळ टिकून राहतात त्यावर चालतात, म्हणून त्यातली बरीचशी सहा-सहा आठ-आठ तासांनी. जेंटामायसिन, अमिकासिन ह्यांचं उलटं, एकदाच दणका मोठा लागतो, म्हणून बहुतेक वेळा दिवसातून एकदा वजनावर मोजून देतात. घरी गोळ्या चालू झाल्या की हे फार उपयोगी पडतं, कारण चिठ्ठीवर "दिवसातून तीनदा" लिहिलेलं असतं आणि आपण सकाळ-दुपार-संध्याकाळ असं जेवणाला बांधून सात वाजेपर्यंत तीन गोळ्या उरकतो आणि मग रात्रभर बारा तास काहीच नाही. सकाळी ६, दुपारी २, रात्री १० असं बांधा, मोबाईलला अलार्म लावा.

आता मुद्द्याचं. डोसचा त्रास होणार की नाही हे बऱ्याच अंशी किडनीवर ठरतं, कारण ह्यातली पुष्कळ औषधं लघवीवाटे बाहेर जातात, किडनी मंद असेल तर तोच डोस अंगात साठत जातो. आणि इथे एक चकवा आहे. अण्णांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायचा रक्तातला आकडा) १.१ होतं, रिपोर्टमध्ये नॉर्मलच्या खान्यात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हाताऱ्या वाळक्या माणसाला स्नायूच कमी, मग किडनी अर्धी झाली तरी आकडा साळसूद दिसतो. म्हणून डॉक्टर वय, वजन आणि क्रिएटिनिन तिन्ही घालून हिशोब करतात. (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बायकांसाठी आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं. तीस वर्षांचा सत्तर किलोचा माणूस, क्रिएटिनिन १.१, उत्तर येतं ९७. आमचे अण्णा ७४ वर्षांचे. अॅडमिट करताना ते उभे राहू शकत नव्हते म्हणून केस पेपरवर वजन अंदाजे ६० लिहिलं होतं, त्या हिशोबाने ५०. तिसऱ्या दिवशी मी सिस्टरना सांगून वजनकाटा मागवला, दोघांनी धरून उभं केलं, काटा ४६ वर. उत्तर ३८. आणि पिपटॅझमध्ये ४० ही सीमा आहे, त्याच्या खाली डोस कमी करतात. राऊंडला डॉक्टरांना नवीन वजन सांगितलं, त्यांनी तिथल्या तिथे हिशोब केला आणि दर सहा तासांचं दर आठ तासांनी केलं. कुणी काही मोठी चूक केली होती असं मी म्हणत नाही, पण वजन बघायला हवं होतं आणि ते बघायला लावणं हे घरच्या माणसाला जमण्यासारखं काम आहे. खरं सांगायचं तर सगळ्या तीन आठवड्यांत मी केलेलं एकमेव उपयोगाचं काम हेच असेल.

दुसरं काम म्हणजे चालू औषधांची यादी. तोंडी नको, घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या. बीपी, शुगर, थायरॉईड ह्या सांगितल्या जातात, बाकीच्या राहून जातात. गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली डायक्लोफिनॅक, जी जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिनसोबत किडनीला चांगलीच महाग पडू शकते. फिट्सची व्हॅलप्रोएट, जिची रक्तातली पातळी मेरोपेनेम सुरू झालं की झपकन खाली येते आणि वर्षानुवर्षं न आलेली फिट येऊ शकते. रक्त पातळ करायची अॅसिट्रोम किंवा वॉरफरिन, मेट्रोनिडॅझोल किंवा सेप्ट्रानच्या जातीची गोळी सोबत आली की आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) वर जातो, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. डिप्रेशनच्या गोळ्या, ह्या तर लोक लाजून सांगतच नाहीत, पण लिनेझोलिड असेल तर सांगायलाच हव्यात, दोन्ही मिळून थरथर, घाम, गोंधळलेपणा, ताप असं होऊ शकतं. लिनेझोलिडवर सर्दीच्या गोळ्यासुद्धा मनाने घेऊ नका, बीपी वाढतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीवर क्लॅरिथ्रोमायसिन आलं तर स्नायू दुखू शकतात. काढा, भस्म, चूर्ण, जे काही चालू असेल ते पण पिशवीत घाला, डॉक्टर ओरडले तर ओरडले.

राऊंडला डॉक्टर दोन मिनिटं थांबतात, त्यात "साईड इफेक्ट तर नाही ना होणार" हा प्रश्न वाया जातो, उत्तर "नाही हो, काळजी करू नका" एवढंच येतं. त्यापेक्षा कागदावर लिहून नेमकं विचारा. इन्फेक्शन कुठे आहे आणि कल्चर पाठवलंय का? किडनीचा हिशोब कुठल्या वजनावर केलाय? एकूण किती दिवस धरून चाललाय? कुठली रक्त तपासणी किती दिवसांनी? इंजेक्शनवरून गोळीवर कधी जाता येईल? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो कारण ताप उतरला, तोंडाने खाणं चालू झालं की बऱ्याच इन्फेक्शनमध्ये गोळीवर जाता येतं आणि सुईचा त्रास वाचतो. "डोस जास्त वाटतोय" असं म्हणू नका, कुणालाही ते टोचतं. "वजन ४६ आहे, त्याला हा बरोबर बसतो ना?" असं म्हटलं की डॉक्टर स्वतःच पुन्हा बघतात.

अॅलर्जीचं. "पेनिसिलिनची अॅलर्जी" असं शंभरातले साधारण दहाजण सांगतात आणि नीट तपासलं तर त्यातल्या नऊजणांना ती नसते, लहानपणी कधीतरी उलटी झालेली असते किंवा गोवराचं पुरळ औषधावर ढकललेलं असतं. तेव्हा नुसतं "अॅलर्जी आहे" म्हणू नका. नाव काय, किती वर्षांपूर्वी, औषधानंतर किती वेळाने, काय झालं, हे सांगा. उगाच अॅलर्जीचा शिक्का बसला की साधं चांगलं औषध बाजूला पडतं आणि जास्त त्रासाचं, जास्त महाग हातात येतं. खरीच असेल तर मात्र दर वेळी, अगदी एक्सरे काढणाऱ्यालासुद्धा सांगा. आणि हातावर टेस्ट डोस देतात तो निगेटिव्ह आला म्हणजे गॅरंटी नाही, पहिल्या इंजेक्शननंतर अर्धा तास माणसाजवळ बसा. अंगावर पित्त उठणं, ओठ-डोळे सुजणं, घसा आवळल्यासारखा होणं, दम लागणं, एकदम घाम येऊन गळाठणं, ह्यातलं काही दवाखान्यात दिसलं तर तिथेच ओरडा, घरी दिसलं तर १०८.

आता रोजचे त्रास. आईचं पहिल्या दिवसापासून एकच, औषध उष्ण पडलं. तोंड आलं ते उष्णतेने, जुलाब उष्णतेने, मग गुलकंद, सब्जा, ताक. ताकाला माझी ना नाही, पण अण्णांच्या जिभेवर पांढरा थर होता, पुसला तर खाली लाल, ती उष्णता नव्हती, बुरशी होती. अँटिबायोटिकने चांगले जंतूपण मरतात, मग बुरशीला मोकळं रान, शुगरवाल्यांना जास्तच. त्याला तोंडात लावायचं औषध मिळतं, आठवड्यात गेलं. बायकांना अंगावरून पांढरं जाणं आणि खाज सुटते त्याचंही कारण बऱ्याचदा तेच, लाजून गप्प बसू नका.

दिवसाला दोन-तीन पातळ जुलाब झाले तर बहुतेक वेळा सोसण्यासारखं असतं, पाणी, मीठ-साखर, पेज. पण भरपूर पाण्यासारखे होतायत, पोटात कळ येतेय, ताप किंवा रक्त आहे, तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा आणि जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका, मोठ्या आतड्याचं एक वेगळंच इन्फेक्शन अँटिबायोटिकमुळे होतं त्यात ती घातक ठरू शकते. आणि हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा सुरू होऊ शकतं, तेव्हा नवीन डॉक्टरकडे गेलात तर "मागच्या महिन्यात अमुक औषध झालं" हे आठवणीने सांगा.

मेट्रोनिडॅझोलने तोंडाला तांब्याची चव येते, लघवी गडद होऊ शकते. रिफाम्पिसिनने लघवी केशरी, घाम केशरी. हे बघून घाबरू नका.

घाबरायचं, म्हणजे फोन करायचा, तो ह्यावर. जेंटामायसिन, अमिकासिनवर कानात गुंई आवाज, ऐकू कमी येणं, चालताना तोल जाणं, कारण ही ऐकण्याची हानी बऱ्याचदा परत भरून येत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच सांगायचं, आणि लघवी कमी झाली तरी. व्हँकोमायसिन चालू असताना चेहरा-मान लाल होऊन खाज सुटली तर बऱ्याचदा ते सलाईन फार जोरात सोडल्याने होतं, एक ग्रॅमला निदान एक तास लागायला हवा, चाक स्वतः फिरवू नका, सिस्टरला बोलवा. सिप्रो, लिव्हो, ओफ्लॉक्सासिन ह्या घराण्यात टाचेच्या वरची जाड शीर दुखायला लागणं, विशेषतः साठीच्या पुढे किंवा स्टिरॉइड चालू असेल तर, ती तुटूही शकते, अमेरिकेत २००८ पासून ह्यावर ठळक इशारा आहे. हाता-पायाला मुंग्या, भलतंसलतं बोलणं, शुगर एकदम खाली जाणं हेही ह्यांचंच, शुगरची ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी घरी शुगर तपासत राहा. लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की प्लेटलेट पडू शकतात, दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी), आणि महिन्याच्या पुढे गेलं तर नजर आणि पायाच्या नसा. सेफेपिम मंद किडनीत साठलं की माणूस गोंधळतो, बरळतो, घरच्यांना वाटतं वयामुळे. अमॉक्सी-क्लॅव्हनंतर (म्हणजे ती ६२५ ची गोळी) डोळे पिवळे, कधीकधी कोर्स संपून काही आठवडे झाल्यावर. आणि कुठल्याही औषधावर तोंडात, डोळ्यात, लघवीच्या जागी फोड येऊन कातडी सोलवटायला लागली तर पुढचा डोस न देता थेट मोठा दवाखाना.

इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घातलेली नळी) लावलेली जागा रोज बघा. लाल, कडक, दुखरी झाली असेल तर बदलायला सांगा, "अजून एक दिवस चालेल" ऐकू नका.

घरी आल्यावरची गोष्ट सांगायची तर अण्णांना डिस्चार्जला लिनेझोलिड ६०० सकाळ-संध्याकाळ दहा दिवस दिली. चौथ्या दिवशी मी स्ट्रिप मोजली तर दोन जास्त. आईने दोन दिवस अर्धी-अर्धी केली होती, सुरीने, "एवढं हेवी कशाला, बरं वाटतंय की आता". रागावून उपयोग नव्हता, तिने प्रेमानेच केलं होतं. पण अर्ध्या डोसमध्ये साईड इफेक्ट निम्मा होईलच असं नाही आणि जंतू मात्र मरत नाही, उलट औषध ओळखायला शिकतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या डिसेंबरमध्ये नोबेल घेताना नेमकी हीच भीती बोलून दाखवली होती, की माणूस स्वतःच्या मनाने कमी डोस घेईल आणि जंतू निर्ढावतील. आम्ही डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं, त्यांनी पुन्हा पूर्ण डोस सुरू करून दोन दिवस वाढवले आणि सीबीसी करून घेतला.

ह्याचा अर्थ दिवस जास्त तितकं चांगलं असाही नाही हां. साध्या न्यूमोनियाला तब्येत सुधारत असेल तर आता पाच दिवस पुरे धरतात, पूर्वी दहा-चौदा द्यायचे. म्हणून बरं वाटल्यावर "अजून लागणार आहे का" हे जरूर विचारा, फक्त विचारा, ठरवू नका. एखादी गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या, पुढची जवळ आली असेल तर राहू द्या, पण दोन एकदम नाही. सिप्रो-लिव्हो घराण्याला दूध, कॅल्शियम, लोह, अॅसिडिटीचं पातळ औषध ह्यांच्यापासून लांब ठेवा, गोळी आधी आणि ते निदान दोन तासांनी. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून छातीत जी आग पडते ती विसरणार नाही.

उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका, शेजारच्या काकूंच्या दाढेसाठी तर मुळीच नाही. स्ट्रिपवर डाव्या बाजूला लाल उभी रेघ असते ना, ती चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही म्हणूनच असते, आणि २०१४ पासून सेफिक्झिमसारख्या बऱ्याच औषधांची मेडिकलवाल्याला रजिस्टरमध्ये पेशंट आणि डॉक्टरच्या नावासकट नोंद करावी लागते, तो चिठ्ठी मागतो तेव्हा तो नखरे करत नसतो.

आणि त्रास झालाच तर तो कळवता येतो हे फार कमी लोकांना माहितीये. भारत सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवायचा कार्यक्रम आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, पेशंट किंवा नातेवाईकही कळवू शकतात, डॉक्टरच हवा असं नाही. फोन करण्याआधी औषधाचं नाव, स्ट्रिपवरचा बॅच नंबर, कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला आणि सोबत काय काय चालू होतं एवढं लिहून ठेवा. आम्ही हे सगळं अण्णांच्या फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवलंय, वजनासकट, आणि दर दोन महिन्यांनी वजन खोडून नवीन लिहितो. सध्या ४९.